जुनी दमणी दुरुस्त करताना

घडी घालता येणाऱ्या जुन्या कॅराव्हॅन दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणारे हौशी लोक परदेशात आहेत. आपल्या निफाड-लासलगाव भागात तशी जपण्याजोगी गाडी म्हणजे दमणी. हलकी, छताची, बैलांची. वणीच्या देवीला, लग्नाला घरची मंडळी तिच्यातून जायची.

दमणीचा जीव चाकात. मधे तुंबा, त्यात आरे, बाहेरून पाटे आणि त्यांवर लोखंडी धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या आरात ती लालबुंद झाली की फुगते. मग तिघाचौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची, घणाने ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते, खिळखिळे सांधे करकचून बसतात. हे काम जाणणारे लोहार-सुतार आता थोडेच राहिलेत. त्यांना गाठा, विचारा.

घरी दमणी असेल तर भंगारात देऊ नका. आधी वाळवी आणि तुंब्याची चीर बघा. घाईने ऑइलपेंट फासू नका, त्याखाली कुजकं लाकूड झाकलं जातं. जुना रंग खरवडून जवसाचं तेल पाजा. आरा बदलायचाच तर चांगल्या वाळलेल्या बाभळीचा घ्या. आणि धाव उन्हाळ्यात बसवा. ओल्या लाकडावर बसवली तर लाकूड सुकल्यावर ती सैल पडते.