भाव सोन्याचा, खिसा साहेबांचा

आजचा विषय सोन्याच्या खाणींचा आहे, पण बोलता बोलता आपण तुमच्या ऑफर लेटरमधल्या ‘ईसॉप’पर्यंत येणार आहोत. तेव्हा इयरफोन काढू नका.

खाण चालवणाऱ्या कंपनीची मोठी चिंता एकच, सोन्याचा भाव. तो रोज हलतो आणि कंपनीच्या हातात नसतो. त्यावर एक उपाय आहे. पुढच्या वर्षी निघणारं सोनं आजच ठरलेल्या भावाला विकायचा करार करून टाकायचा. याला म्हणतात हेजिंग. भाव पडला तर कंपनी वाचते, चढला तर वरचा फायदा हुकतो.

आता गंमत बघा. सगळ्यांचा माल एकच, धोकाही एकच. तरी काही कंपन्या भरपूर हेजिंग करायच्या, काही अजिबात नाही. असं का? हार्वर्डमधले फायनान्सचे प्राध्यापक पीटर टुफानो यांनी उत्तर अमेरिकेतल्या खाणकंपन्या घेऊन हेच तपासलं. त्यांचा शोधनिबंध १९९६ साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला.

पुस्तकी उत्तर असं, की हेजिंग भागधारकांच्या भल्यासाठी होतं. म्हणजे जिला बुडायची भीती जास्त, ती कंपनी जास्त हेजिंग करणार. टुफानोंना याला फारसा आधार सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. जिथे मॅनेजरांकडे शेअर जास्त, तिथे हेजिंग जास्त. जिथे ऑप्शन जास्त, तिथे कमी.

कारण काय असेल? शेअर पडला की थेट तुमचे पैसे जातात. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क, सक्ती नाही. शेअर वर गेला तर चांदी, कोसळला तर हक्क वापरायचाच नाही. मग चढउतार जितके मोठे, तितकं ऑप्शनवाल्याला बरंच की! अर्थात, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. टुफानोही ‘असू शकतं’ अशाच भाषेत बोलतात.

आणि हेजिंग म्हणजे शहाणपणाच, असंही नाही. कॅनडाची बॅरिक गोल्ड हेजिंगसाठी प्रसिद्ध होती. पुढे सोनं चढत गेलं आणि जुने करार गळ्याशी आले. २००९ मध्ये त्यातून बाहेर पडायचं ठरवताना कंपनीला ५.६ अब्ज डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला.

आता आपल्याकडे येऊ. ईसॉप म्हणजे ऑप्शनच. पण तुमचा पगार, घराचा हप्ता, आरोग्य विमा हे सगळं त्याच कंपनीवर उभं असतं. कंपनी बुडाली तर ऑप्शन नुसते कोरे होतील, पण पगारही थांबेल. वरच्या साहेबांकडे आधीच भरपूर जमा असेल, तर त्यांना मोठा जुगार परवडतो. तुम्हाला परवडेलच असं नाही.

म्हणून ‘आम्ही बिनधास्त रिस्क घेतो’ असं कुणी टाउनहॉलमध्ये म्हणालं, की टाळ्या वाजवा, पण एवढं विचारा: डाव फसला तर कुणाचं काय जाणार? कंपनी शेअर बाजारात असेल, तर वार्षिक अहवाल उघडा. वरिष्ठांचे शेअर आणि ऑप्शन तिथे बघायला मिळतात.

भेटू पुढच्या भागात!