परीक्षा कुणाची?

मैत्रिणींनो, आई-बाप होण्याआधी सरकारनं लायकी तपासावी, असं मघाशी एक ताई म्हणाल्या. पोरांचे हाल पाहून त्यांचा जीव तुटतो, हे मला कळतं. पण १९७६ साली आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते बारगळलं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं, तर ग्रामपंचायतीचं सदस्यत्व जातं, हा नियम मात्र आला. मुलगा हवा हा हट्ट सासरचा, खुर्ची जाते बाईची! म्हणून मी म्हणते, मूल कधी, किती, हे आधी बाईला ठरवू द्या. परीक्षा घ्यायचीच, तर सरकारची घेऊ : कनेरगाव नाक्यावरच्या बाईला दवाखाना, रेशन, पाळणाघर मिळतं का?