कादंबरीचा पहिला खर्डा

वडोदऱ्यात नोकरी सांभाळून, पदरमोड करून कादंबरी लिहायला बसलेल्या श्रोत्यांसाठी आज हरि नारायण आपट्यांची गोष्ट.

1890 मध्ये त्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढले. संपादक तेच, मुख्य लेखकही तेच. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी त्यातच क्रमशः आली. एकदा छापलेले प्रकरण मागे घेता येत नाही. पुढचेच लिहावे लागते. त्यामुळे पाल्हाळ आला, हे खरे. पण कादंबरीची नायिका यमू हिचे बोलणे इतके जिवंत उतरले, त्यात या सलग लिहिण्याचाही मोठा वाटा आहे, असे मला वाटते. त्यांची 'आजच' ही कादंबरी मात्र अपुरी राहिली.

आज स्वतः पुस्तक काढणाऱ्याच्या मागे छापखान्याचा तगादा नसतो. पहिलीच प्रकरणे घासूनपुसून घेण्यात महिने जातात आणि शेवट लांबच राहतो. म्हणून खर्डा आधी पूर्ण करा, दुरुस्त्या नंतर.

जुन्या काळावर लिहीत असाल, तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकी ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवली. तो वारसा आपल्याच गावात आहे. त्याचा उपयोग करून घ्या.