औषधें आणि रक्तांतील पोटॅशियम

गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या अरण्यांत गव्याला चाऱ्याची ददात नसते. तरीही खारट माती दिसली, कीं तो ती आवडीनें चाटतो. झाडपाल्यांत पोटॅशियम विपुल आणि सोडियम अत्यल्प, हें त्याचें कारण. वैद्य पळसाच्या राखेपासून जो क्षार काढतात, तोही मुख्यत्वें पोटॅशियमचाच. अशाच क्षारापासून हंफ्री डेव्ही यांनीं १८०७ सालीं हा धातु प्रथम वेगळा केला.

अशा आहारावर जगावयाचें, तर शरीरानें सोडियम जपावें आणि पोटॅशियम टाकावें, हेंच उचित. मनुष्याचीं मूत्रपिंडेंही तेंच करितात. आल्डोस्टेरोन नांवाचा अंतःस्राव हा त्यांचा मुकादम. शरीरांतील शेंकडा ९८ भाग पोटॅशियम पेशींच्या आंत असतें. रक्तद्रवांत उरतें तें लिटरमागें अवघें साडेतीन ते पांच मिलिमोल. परंतु एवढ्याशा अंशाच्या चढउतारानें हृदयाचा ठेका चुकतो.

आधुनिक औषधें नेमका येथेंच हात घालतात. रक्तदाबावर किंवा सुजेवर दिलीं जाणारीं फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन यांसारखीं मूत्रल औषधें लघवीवाटे पोटॅशियमही वाहून नेतात. मग पायांत गोळे येतात, अंगांतील बळ सरतें. रोगी डिजॉक्सिन घेत असेल, तर धोका अधिकच. ज्येष्ठमधाचा अतिरेकही पोटॅशियम उतरवितो, मग तो काढा घरचा कां असेना!

उलट एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन हीं औषधें त्या मुकादमाचें बळ कमी करितात, आणि स्पायरोनोलॅक्टोन त्याचा हुकूम पोंचूंच देत नाहीं. तेणेंकरून पोटॅशियम सांचूं लागतें. या औषधांचे उपकार मोठे आहेत, यांत संशय नाहीं. स्पायरोनोलॅक्टोननें दुर्बल हृदयाच्या रुग्णांचें आयुष्य वाढतें, हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. कॅनडांतील ऑंटॅरिओ प्रांतांत त्याचा वापर झपाट्यानें वाढला. आणि पोटॅशियम वाढून इस्पितळांत येणारे व दगावणारे रुग्णही त्याबरोबर वाढले, असें २००४ सालीं तेथील संशोधकांनीं दाखविलें. मूळ प्रयोगांतील रोगी निवडक होते, त्यांचें रक्त वरचेवर तपासलें जात होतें. बाहेरच्या रोग्यांच्या वांट्यास तेवढी दक्षता आली नाहीं.

वाढलेलें पोटॅशियम बहुधा मुकें असतें. मधुमेहानें किंवा वयानें मूत्रपिंडें थकलेलीं. गुडघ्यासाठीं आयबुप्रोफेनसारखी गोळी चालू. त्यांत घरांतील कोणी काळजीपोटीं कमी सोडियमचें मीठ आणतें. त्या मिठांत बहुतेक वेळां पोटॅशियम क्लोराइड असतें, हें पुडीवर वाचतो कोण? गोंदिया-भंडाऱ्याकडे याला आणखी एक कारण आहे. तेथील कांहीं कुटुंबांत सिकलसेलचा आजार पिढीजात आढळतो. त्यांत मूत्रपिंडांची पोटॅशियम टाकण्याची शक्ति मंदावूं शकते. आणि मूत्रांतून जाणारीं प्रथिनें थोपविण्यासाठीं अशा रुग्णास एनालाप्रिलसारखेंच औषध द्यावें लागतें.

भिऊन औषध बंद करणें मात्र घातक. तें सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर एकदोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावें. आणि मध्येंच जुलाब-वांत्या लागल्या, तर पुढची गोळी घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.