कान दुखतो; पण दोष कुणाचा?



राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी नाटे गाव आहे. तिथल्या बंदरावरचा चाळिशीतला एक तांडेल माझ्याकडे आला. डावा कान दोन महिने ठणकत होता. कानाला दडा बसल्यासारखा वाटे आणि रात्री निजले की आत गुणगुण सुरू होई. घरच्यांनी लसणीचे तेल कोमट करून घातले होते. शेजाऱ्याने काडीने मळ काढून पाहिला. थेंबांच्या दोन बाटल्या संपल्या. गुण काही नाही. मी कानात पाहिले, तर पडदा मोत्यासारखा स्वच्छ!

मग मी त्याच्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवली आणि म्हटले, "आता तोंड उघडा, मिटा." डावीकडे 'कट्' असा आवाज झाला आणि गडी कळवळला. विचारपूस करता कळले, उजवीकडच्या दाढा कधीच्या गेलेल्या, म्हणून सारे चावणे डावीकडे. सुपारीचे खांड दिवसभर त्याच गालात. जाळे दुरुस्त करताना नायलॉनचा दोरा तोडायचा तोही दातांनीच. शिवाय झोपेत हा दात करकरा खातो, असे बायकोने सांगितले.

आता यात कानाचा संबंध काय, असे आपण विचाराल. आपणही कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडून पाहा. बोटाखाली हालते तो जबड्याचा सांधा. त्याच्या नि कानाच्या नळीच्या मध्ये हाडाचा पातळसा पडदा काय तो आहे. दोघे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी! सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूचे धागे कानाच्या काही भागालाही जातात. त्यामुळे दुखते सांध्यात नि चावण्याच्या स्नायूंत, पण मेंदूला वाटते की हाक कानाकडून आली.

१९३४ साली अमेरिकेतील सेंट लुई शहराचे कान-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी या दुखण्याचे वर्णन केले. दाढा गेल्यावर जबडा मागे सरकतो आणि तिथे दाब पडतो, असे त्यांचे म्हणणे. दाबाची ती उपपत्ती पुढे शरीररचनाशास्त्रज्ञांनी खोडून काढली. पण जबड्याच्या रोग्याला कानाची तक्रार असते, हे त्यांचे निरीक्षण मात्र टिकले. तेव्हा अशा दुखण्यासाठी निरोगी दात घासून घेण्याची किंवा उपटण्याची घाई कुणी करू नये.

उपाय साधे आहेत. काही आठवडे मऊ भात, आमटी, पेज असे खावे. सुपारी, ऊस, कडक चकली वर्ज्य. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. दिवसातून दोन-तीनदा गालावर कोमट शेक घ्यावा. ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांवर टेकलेले नसावेत. ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. दात खाणाऱ्यांना दंतवैद्य रात्री घालायची पट्टी करून देतात. बहुतेकांना एवढ्याने आराम पडतो.

परंतु एक गोष्ट बजावून सांगतो. कानातून पू किंवा रक्त येत असेल, ताप असेल, ऐकू कमी येत असेल, तर तो जबडा म्हणून सोडून देऊ नका. आणि तंबाखू, मिश्री, सुपारी यांचा नाद असलेल्या माणसाचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल, तर जीभ आणि घसा तपासून घ्यावा. तिथला कर्करोगही पहिली वर्दी कानातच देतो, असे कधीकधी घडते. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर तेही सुपारीचेच लक्षण असू शकते. या कारणासाठी मी तांडेलाची जीभ आणि घसाही पाहिला होता. तिथे काही नव्हते.

दीड महिन्याने तो पुन्हा आला. ठणका गेला होता, गुणगुण क्वचित. मी विचारले, "सुपारी सोडलीत ना?"

"अर्धी सोडली, डॉक्टर," तो म्हणाला. मी त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिली.