उकिरड्याचे पांग कोण फेडणार?

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या खेड्यात ती जन्मली, तेथे उकिरडा हे शेतकऱ्याचे भांडवल होते. शेण, राख, पालापाचोळा त्यात कुजे आणि पावसापूर्वी शेतात पडे. शहरात येताना आपण उकिरडा तेवढा बरोबर आणला. शेत मागेच राहिले.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु कचऱ्यापासून ऊर्जा हा विषय समजण्यास स्वयंपाकघराचे ज्ञान पुरेसे आहे. ओले सरपण पेटत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली परदेशी तंत्राने कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारला गेला. आपल्या कचऱ्यातील ओलावा आणि माती यांपुढे ती भट्टी काही आठवड्यांतच थंडावली. युरोपातील कोरड्या कचऱ्यासाठी योजलेले यंत्र आपल्या भाजीच्या देठांपुढे हरले.

दुसरा मार्ग कुजविण्याचा. हवाबंद टाकीत सूक्ष्म जीवाणू ओल्या कचऱ्याचे पचन करतात, त्यातून मिथेन वायू निघतो, त्यावर इंजिन चालते आणि उरलेल्या गाळाचे खत होते. ही विद्या आपल्याला नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७च्या सुमारास मैल्यापासून मिळणाऱ्या वायूवर इंजिन चालविले गेले होते. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्या अन्नावर चालणारे घरगुती संयंत्र सिद्ध केले. त्यांच्या 'आरती' संस्थेला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार लाभला.

आणि आपले सोलापूर? तुळजापूर रस्त्यावर २०१०च्या दशकात याच तत्त्वावरील प्रकल्प उभा राहिला. क्षमता दिवसाला ४०० टन कचऱ्याची आणि ३ मेगावॅट विजेची. असा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर ७२ हजार युनिट होतात. महिना शंभर युनिट वापरणारी सुमारे एकवीस हजार घरे त्यात उजळतील. गिरण्यांचे भोंगे बंद झालेल्या या शहराला ही गोष्ट लहान नाही.

मात्र 'पूर्ण क्षमतेने' या दोन शब्दांतच सारी मेख आहे. ती टाकी म्हणजे पोट आहे. त्यात काचा, चिंध्या, पिशव्या आणि दगड घातले, तर अपचन होणारच. लखनौचा २००३ सालचा ५ मेगावॅटचा प्रकल्प न निवडलेल्या कचऱ्यामुळेच बंद पडला. कोट्यवधींचे यंत्र आपल्या एका निष्काळजी पिशवीपुढे हतबल होते.

येथे एक प्रश्न स्वतःला विचारू या. आपण जे वेगळे करत नाही, ते कोण वेगळे करते? कचरा वेचणारी कोणीतरी माउली उघड्या हातांनी आपली फुटलेली काच आणि वापरलेली सुई निवडत असते. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. पण ज्या घरात तांदूळ निवडल्याशिवाय शिजत नाही, त्या घराला कचरा निवडायला कायदा का लागावा?

सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तलाव उभा केला, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या काळी प्रत्येकाने पाटीभर माती उचलली. आपल्या वाट्याला तेवढेही कष्ट नाहीत. दारात दोन डबे ठेवायचे आहेत. उद्या सकाळी घंटागाडी येईल, तेव्हा आपल्या हातात एक पिशवी असेल की दोन, एवढेच प्रत्येकाने आज ठरवावे.