कोल्लीमलैकडे परतलेले कुटुंब



परमुलखात एकदा जाणे वेगळे आणि त्याच परमुलखात पुन्हा जाणे वेगळे. पहिल्या खेपेस तारुण्य असते, उमेद असते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची फारशी कल्पना नसते. दुसऱ्या खेपेस जाणारा सारे जाणून जातो. म्हणून वैद्यकीय सेवेसाठी आपल्या देशात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा विचार करताना ती आली कशी, यापेक्षा ती परत का आली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. मिरजेच्या वानलेस रुग्णालयामुळे मिशनचा दवाखाना ही वस्तू मराठी माणसाला परकी नाही. आज मात्र मी बोलणार आहे ते तमिळ मुलखातील एका कुटुंबाविषयी, ब्रँड कुटुंबाविषयी.

जेसी ब्रँड हे मूळचे घरबांधणीच्या धंद्यातले इंग्रज गृहस्थ. डॉक्टरकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. उष्ण प्रदेशातील रोगांसंबंधीचे एक वर्षाचे शिक्षण घेऊन १९०७ साली ते मद्रास इलाख्यात आले. लंडनच्या सुखवस्तू घरातील, चित्रकलेची आवड असलेल्या एव्हलिनबाईंशी त्यांचा विवाह १९१३ साली झाला, आणि हे जोडपे कोल्लीमलै नावाच्या डोंगरावर राहावयास गेले. तेथे रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. हिवताप मात्र विपुल होता. जेसींनी घरे बांधली, शाळा काढल्या, दुखरे दात उपटले, नारूचे किडे काढले. धर्मप्रसार हाही त्यांचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. पण डोंगरावरच्या लोकांनी त्यांचे औषध आधी स्वीकारले आणि त्यांच्या धर्माकडे बराच काळ पाठ फिरविली. तरी औषध बंद झाले नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

१९१४ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव पॉल. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो झाडांवर चढत, तमिळ बोलत या डोंगरावर वाढला. १९२३ साली आईवडिलांनी त्याला व त्याच्या धाकट्या बहिणीला शिक्षणासाठी इंग्लंडात नातेवाइकांकडे ठेवले आणि ती दोघे परत डोंगरावर आली. त्या काळी मिशनच्या कुटुंबांतून ही रीतच होती. मला ती कधीच पटलेली नाही. दूरच्या मुलांच्या सेवेसाठी पोटच्या मुलांना दूर ठेवावयाचे, या हिशेबात कोठेतरी फार मोठी रक्कम मुलांच्या नावे खर्ची पडते. १९२९ साली जेसी ब्रँड काळ्या लघवीच्या तापाने, म्हणजे हिवतापाच्या घातक प्रकाराने, डोंगरावर वारले. इंग्लंडला तार गेली. पण टपाल जहाजाने जात असे. त्यामुळे तार येऊन गेल्यावरही वडिलांची पत्रे मुलाला येत राहिली. सहा वर्षांत त्याने वडिलांना पाहिले नव्हते.

अशा मुलाने हिंदुस्थानाचे नाव टाकले असते तर त्याला कोणी दोष दिला असता? पॉलने आधी वडिलांचाच बांधकामाचा धंदा शिकून घेतला. सुतारकाम, गवंडीकाम यांत काही वर्षे घालविल्यावर तो वैद्यकाकडे वळला आणि युद्धकाळात, लंडनवर बाँब पडत असताना, शस्त्रवैद्य झाला. जखमी हातांवर काम करण्याचा सराव त्याला तेथेच झाला. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातून बोलावणे आले. करार एका वर्षाचा होता. पत्नी मार्गारेट याही डॉक्टर. परंतु दुसरे मूल अगदी तान्हे असल्याने त्या मागे राहिल्या व १९४७ साली आल्या. एका वर्षाची जवळजवळ वीस वर्षे झाली.

या वीस वर्षांत जे घडले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात डॉक्टर ब्रँडनी एका रोग्याचा आखडलेला, नख्यांसारखा वळलेला हात हातात घेतला आणि जोराने दाबावयास सांगितले. दाब इतका जबर होता की त्यांना वेदना झाल्या. म्हणजे हात मेलेला नव्हता! काही स्नायू लुळे पडले होते, पण बाहूतले धडधाकट होते. मग चांगल्या स्नायूची कंडरा वळवून लुळ्या बोटाला जोडली तर? असे हात ते उघडू लागले, आणि मिटलेली बोटे सरळ होऊ लागली.

महारोगाने मांस सडते आणि बोटे झडतात, ही समजूत त्या वेळी डॉक्टरांतही होती. ब्रँडना ती खरी वाटेना. एकदा एक गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. एका रोगी मुलाने ते सहज उघडले, आणि पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले. त्याला पत्ताच नव्हता. रात्री झोपेत रोग्यांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत, ते उंदीर कुरतडत म्हणून. त्यावर उपाय म्हणून मांजरे पाळण्यात आली! रोग मज्जातंतू मारतो, वेदना जाते, आणि वेदना गेलेला माणूस स्वतःचे शरीर नकळत झिजवितो. एवढे कळल्यावर मऊ रबराच्या चपलांनाही औषधाइतकी किंमत आली.

मार्गारेटबाई नेत्रविभागात गेल्या. मज्जातंतू गेले की डोळ्यांची उघडझाप थांबते, बुबुळ सुकते आणि अंधत्व येते. जबड्याच्या स्नायूचा पट्टा पापणीपर्यंत नेऊन जोडला, की रोग्याने काही चावले म्हणजे पापणी मिटे. चावता चावता डोळे मिटण्याचा हा धडा रोग्यांना शिकवावा लागे.

एक अडचण मात्र शस्त्राने सुटणारी नव्हती. हात सुधारलेला एक रोगी तक्रार घेऊन आला, की या हातांनी आता भीकही मिळत नाही! काम कोणी देत नव्हते, कारण रोगाचा डाग हातापेक्षा नावावर अधिक होता. तेव्हा रुग्णालयाच्या आवारात वस्ती करून सुतारकाम व खेळणी बनविण्याचे शिक्षण सुरू करावे लागले. तरुणपणी शिकलेला धंदा असा कामी आला. १९५५ साली वेल्लोरजवळ करिगिरी येथे कुष्ठरोगाचे संशोधन केंद्र निघाले. पुढे, १९८१ नंतर, अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला; तरी बधिर झालेल्या हातापायांची काळजी आजही त्याच ज्ञानावर घेतली जाते.

या कुटुंबात आणखी एक परतणारी व्यक्ती होती, आणि खरे सांगायचे तर मला तिचेच नवल अधिक वाटते. पतीच्या निधनानंतर एव्हलिनबाई इंग्लंडला जाऊन पुन्हा आल्या. पण मिशनने त्यांना मैदानातील काम दिले, डोंगर दिला नाही. निवृत्तीची वेळ आली तेव्हा त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि कोणाच्याही पगारावाचून त्या डोंगरावर राहावयास गेल्या. कोल्लीमलै, मग पचैमलै, मग कलरायन. तट्टावर बसून वाड्यावस्त्यांतून औषधे वाटीत फिरावयाचे, पडावयाचे, हाडे मोडावयाची, पुन्हा बसावयाचे. मुलगा नामांकित शस्त्रवैद्य, पण आईला खाली आणणे त्यालाही जमले नाही.

१९६६ साली डॉक्टर ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना संस्थानात, कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात काम करावयास गेले. आई मागे राहिली. १९७४ साली, ९५ व्या वर्षी, तिचे देहावसान झाले. तिला डोंगरावर नेऊन जेसी ब्रँड यांच्या शेजारी पुरण्यात आले.